पत्ता नवी पेठेतला, दुकान तिथे नाहीच

प्रश्न : फ्रीज दुरुस्तीसाठी मोबाइलवर शोधलं, तेव्हा 'नवी पेठ, सोलापूर' असा पत्ता दिलेलं सर्व्हिस सेंटर दिसलं. मेकॅनिक घरी आला, यूपीआयने ३,२०० रुपये घेतले, पावती दिली नाही. आठवड्यात फ्रीज पुन्हा बंद. त्या पत्त्यावर गेलो तर तिथे कापडाचं दुकान! आता फोनही उचलत नाहीत. काय करावं? (एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर : तक्रार करता येते, तीही सोलापुरातच. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३४ प्रमाणे तक्रारदार राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येते. समोरचा कुठल्या शहरातून फोन घेत होता, याने अडत नाही.

पण आधी पुरावा धरून ठेवा, आजच. कुणकुण लागताच मोबाइलवर दिसणाऱ्या अशा नोंदी बदलतात. नोंदीतलं नाव, पत्ता, नंबर आणि तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. सोबत कॉलची यादी, यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि त्या पत्त्यावरच्या दुकानाच्या पाटीचा फोटो ठेवा. 'असं सेंटर इथे नाही' असं दुकानदाराने दोन ओळींत लिहून सही केली तर फारच उत्तम. स्क्रीनशॉट आयोगात देताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याबद्दलचं, प्रमाणपत्र जोडा.

अशी तक्रार अडते ती नोटिशीपाशी. खोट्या पत्त्यावरची नोटीस परत येते आणि प्रकरण लोंबकळतं. म्हणून खरं नाव शोधा. यूपीआयच्या तपशिलात पैसे घेणाऱ्याचं बँकेतलं नाव दिसतं. जीएसटी क्रमांक हाती लागला तर जीएसटी पोर्टलवर तो टाकून व्यवसायाचं मुख्य ठिकाण पाहा; पहिले दोन अंक २७ असतील तर नोंदणी महाराष्ट्रातली. मेकॅनिक एखाद्या ॲपवरून बुक केला असेल तर ॲपला लेखी विचारा. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे खरेदीनंतर ग्राहकाने लेखी मागितल्यास विक्रेत्याचा पत्ता द्यावाच लागतो. त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं.

तक्रारीत 'पत्ता खोटा होता' एवढंच लिहून थांबू नका. दुकान गावातलं आहे, काही बिघडलं तर जाऊन विचारता येईल, या भरवशावर बोलावलं आणि त्यातूनच नुकसान झालं, हा धागा स्पष्ट मांडा. अनुचित व्यापारी प्रथा ठरते ती या फसवणुकीमुळे. पावती न देणं ही ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २(४७) खाली वेगळी अनुचित प्रथा आहे, तीही लिहा. पावतीवर सेवा देणाऱ्याचं नाव-पत्ता असणं नियमाने बंधनकारक आहे.

आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. तिथे समेट घडवतात, निकाल देत नाहीत. काही झालं नाही तर ई-जागृती पोर्टलवरून आयोगात जा. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. एकाच खोट्या नोंदीने कितीतरी घरं फसतात, म्हणून त्याच ग्राहक कायद्याच्या कलम १७ खाली जिल्हाधिकाऱ्यांनाही अर्ज द्याच.

प्रश्न : 'सोलापुरी चादर, थेट मागावरून' म्हणून ऑनलाइन घेतलेल्या चादरीच्या पाकिटावर परराज्यातल्या कारखान्याचा पत्ता आहे. (एक वाचक, अक्कलकोट)

उत्तर : पाकीट फेकू नका, तोच मुख्य पुरावा. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे विशिष्ट भागातल्या मालाला मिळणारी नावाची ओळख) आहे आणि त्याचा खोटा वापर १९९९ च्या भौगोलिक मानांकन कायद्याखाली गुन्हा आहे : सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. तुमचे पैसे परत मिळवायला मात्र ग्राहक आयोगाचीच वाट धरा. विक्रीच्या पानाचा आणि पाकिटाचा फोटो शेजारी शेजारी लावून जोडा. दोन पत्त्यांतली तफावत तिथेच दिसते.