आधी चौथाईचा हिशोब मांडा

युद्धातून राज्य कसं उभं राहतं हे शिकायचंय ना? मग लढायांच्या तारखा तूर्तास बाजूला ठेवा आणि पैशाच्या मागे जा. १७१९ च्या मोगल बादशाही सनदांनी दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई, म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा, मराठ्यांना मिळाली. समजा, एका परगण्याचा वसूल १०० रुपये. चौथाई २५. त्यातला चौथा हिस्सा राजबाबती, म्हणजे सव्वासहा रुपये छत्रपतींचे. सहोत्रा, म्हणजे पंत सचिवांचा वाटा, चौथाईच्या ६ टक्के, दीड रुपया. नाडगौडा, म्हणजे छत्रपती मर्जीने ज्याला देतील त्याचा वाटा, चौथाईच्या ३ टक्के, बारा आणे. उरलेले साडेसोळा रुपये ऐन मोकासा, थेट सरदाराच्या हाती, फौज बाळगायला. सरदेशमुखी, म्हणजे छत्रपतींचा वतनी हक्क, तिचे महसुलावरचे १० टक्के वेगळे. ते यात मिसळलेत की गणित फसलंच.

फौज सरदाराची का झाली, ते इथे दिसतं. शिवाजी महाराजांचा कल रोख पगाराकडे होता. १६८९ नंतर मोगलांशी झुंजताना खजिनाच आटला, मग वतनं (वंशपरंपरागत हक्क) आणि सरंजाम (फौजेच्या खर्चासाठी नेमून दिलेला महसूल) द्यावे लागले.

चौथाईला नुसती 'लूट' म्हणून मोकळे होऊ नका. कमाविसदार, म्हणजे वसुली अधिकारी, बसला, हप्ते ठरले, की ती कारभारात शिरते. आणि हो, मोडी लिपी शिकाच. पेशवे दफ्तरातले, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराच्या कागदपत्रांतले, ताळेबंद त्याशिवाय वाचता येत नाहीत.