इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंगचं ऑइल कधी बदलावं? मधूनच पिवळा दिवा लागतो आणि स्टीअरिंग जड होतं.

ऑइल नाहीच, तर बदलणार काय? यात पंप नाही, पट्टा नाही, ऑइलची बाटली नाही. स्टीअरिंगच्या दांड्यातला, म्हणजे कॉलममधला, सेन्सर तुमच्या हाताचा जोर मोजतो आणि मोटर तेवढी मदत करते, संपलं. ज्यानं तुम्हाला ऑइलचं सांगितलं, तो उद्या 'कॉलम बदला' म्हणेल, म्हणून हे लिहितोय.

माझ्या गाडीचं हेच व्हायचं. रस्त्यावर काही तक्रार नाही. पार्किंगमध्ये चाकं पूर्ण वळवायला गेलं की दिवा लागायचा आणि स्टीअरिंगला खांदा लावावा लागायचा. गाडी बंद करून चालू केली की पुन्हा ठीक. गॅरेजवाल्यानं बॅटरी तपासली, उत्तम निघाली. बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला, तर कमी व्होल्टेजचा कोड. मग निदान असं: बॅटरी चांगली असून व्होल्टेज कमी दाखवतंय, म्हणजे मॉड्यूल (मोटरला हुकूम देणारा इलेक्ट्रॉनिक डबा) गेलं, मॉड्यूल मोटरसकट कॉलमवर, सुटं मिळत नाही, सबब अख्खी असेंब्ली बदला. सोबत आमचे साडूभाऊ होते, ते मान डोलवायला लागले. त्यांचं पालुपद जुनंच: "इलेक्ट्रिक म्हणजे खेळण्यातलं. ऑइलवालं आधी गळतं, कण्हतं, सांगून जातं."

मी गाडी तशीच घरी आणली. एक गोष्ट खटकत होती: स्टीअरिंग वळवलं की हेडलाइटही किंचित मंद व्हायचे. स्टीअरिंगचं मॉड्यूल बिघडलं तर हेडलाइटला त्याचं काय? उभ्या गाडीची चाकं वळवताना ही मोटर क्षणभर 50-60 अँपिअरसुद्धा ओढू शकते. सरळ रस्त्यावर जवळजवळ काहीच नाही. म्हणून विजेचा असला दोष पार्किंगमध्येच उघडा पडतो. इंजिन चालू ठेवलं, मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी बॉडीच्या रंग नसलेल्या पत्र्यावर धरली आणि म्हटलं, "साडूभाऊ, फिरवा आता." इथे फार तर 0.2 व्होल्ट दिसायला हवेत. दिसला एकच्या वर. बॅटरीकडून बॉडीला जाणाऱ्या अर्थिंगच्या वायरीचा बोल्ट गंजला होता. स्टार्टरचं अर्थिंग वेगळ्या जाड केबलनं थेट इंजिनला, त्यामुळे गाडी एका सेल्फमध्ये सुरू व्हायची आणि बॅटरी-वायरिंगवर कुणाचा संशय जायचा नाही. सँडपेपर मारला, बोल्ट आवळला, वरून ग्रीस लावलं. दिवा गेला. साडूभाऊ म्हणाले, "तात्पुरतं आहे." ते तात्पुरतं अजून टिकून आहे.

तेव्हा देखभाल म्हणजे मुख्यतः विजेची. टर्मिनल आणि अर्थिंग स्वच्छ, घट्ट. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण 13.5 ते 14.5 व्होल्ट. टायरमध्ये हवा पुरेशी, कारण हवा कमी असली की मोटरला उगाच जास्त ओढावं लागतं. रॅकचे (चाकं वळवणाऱ्या आडव्या दांड्याचे) रबरी बूट फाटले असतील तर लगेच बदला. आत पाणी गेलं की रॅक गंजतो, आणि तो खर्च खरा असतो. उभ्या गाडीत स्टीअरिंग टोकापर्यंत वळवून धरून ठेवू नका. मोटर तापली की मॉड्यूल मदत कमी करतं, थंड झाली की पुन्हा देतं. तो बिघाड नाही.

राहिला 'खेळण्यातलं' हा मुद्दा. सुझुकीनं सर्व्हो या छोट्या गाडीत हे 1988 मध्येच दिलं, म्हणजे कालपरवाचं खूळ नाही. हायड्रॉलिकचा, म्हणजे ऑइलवाल्याचा, नेहमीचा पंप इंजिनच्या जिवावर सतत फिरतो, गाडी नाकासमोर जात असली तरी. इलेक्ट्रिक मोटर जोर लावते ती गरजेपुरती. आणि 'सांगून जातं' म्हणाल, तर पिवळा दिवा दुसरं काय करतो? हे मी साडूभाऊंना लग्नकार्यात सगळ्यांसमोर सांगितलंय, इथेही सांगतो. रस्ता हाताला नीट कळत नाही ही त्यांची तक्रार मात्र जुन्या इलेक्ट्रिक स्टीअरिंगबाबत बरीचशी खरी होती.

आता सावधगिरीचं. दिवा कायम राहत असेल, किंवा स्टीअरिंग स्वतःहून एका बाजूला ओढत असेल, तर गाडी चालवू नका. तेव्हा सेन्सर किंवा कॉलम खरंच गेलेला असू शकतो. एरवी मदत गेली तरी चाकांशी जोड शाबूत असते, फक्त जोर लावावा लागतो. काही गाड्यांत ऑइलचाच पंप विजेवर चालतो, त्यात ऑइल असतं. तुमची तशी नाही ना, हे मॅन्युअलमध्ये बघा. बॅटरी काढून लावल्यावर दिवा लागला तर काही गाड्यांत स्टीअरिंग एकदा दोन्ही टोकांपर्यंत फिरवल्यावर जातो, काहींत स्टीअरिंग सरळ असतानाचं शून्य स्कॅनरनं सेट करावं लागतं. कॉलमजवळच्या पिवळ्या कनेक्टरांना हात लावू नका, ते एअरबॅगचे. आणि स्वस्तातले स्कॅनर बहुतेकदा इंजिनचेच कोड वाचतात, त्यामुळे 'कोड नाही' म्हटलं तर स्टीअरिंगचं मॉड्यूल वाचलं का, ते विचारा.