ज्यू रूममेट कॅम्पसवरच्या सणांना बोलावते आहे, जावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एमएससाठी अमेरिकेत आला आहात, रूममेट ज्यू आहे आणि ती वर्षभरातल्या सणांना 'हिलेलमध्ये चल' म्हणते. तुम्ही हिंदू, शाकाहारी. जावं का, काय न्यावं, काय पाळावं?

जा. फक्त सरसकट सगळ्याच सणांना नको. मिडवेस्टमधल्या एका सरकारी विद्यापीठात पीएचडी करताना मी लॅबमधल्या मित्राबरोबर हिलेलला जायचो, पुढे पुढे वाढायलाही उभा राहायचो. माझं मत असं झालं की त्यांचे काही सण पाहुण्याशिवाय अपुरे वाटतात, आणि काहींत पाहुण्याला करण्यासारखं काही नसतं.

हिलेल म्हणजे ज्यू विद्यार्थ्यांचं केंद्र. पहिलं १९२३ साली इलिनॉय विद्यापीठात निघालं. कडक पाळणारी, थोडंफार पाळणारी, देव न मानणारी अशी सगळी मुलं तिथे एकत्र जेवतात. प्रार्थना मात्र बऱ्याचदा आपापल्या पद्धतीने वेगळ्या खोल्यांत. खबाद या कडक पाळणाऱ्या ज्यू पंथाचं खबाद हाउस निराळं. तिथे रब्बी (धर्मगुरू) आणि त्याची बायको स्वतःच्या घरी मुलांना जेवायला घालतात. २६/११ ला मुंबईत ज्यावर हल्ला झाला ते नरीमन हाउस खबादचंच. २०१८ मध्ये पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये (ज्यू प्रार्थनास्थळात) ११ माणसं मारली गेली, तेव्हापासून अशा ठिकाणी बंदोबस्त वाढला आहे. दारात कुणी बॅग तपासली तर मनाला लावून घेऊ नका, आणि नाव आधी नोंदवा.

तारीख नीट बघा. त्यांचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, त्यामुळे कॅलेंडरवर जी तारीख छापलेली असते तिच्या आदल्या संध्याकाळीच पहिलं जेवण होऊन गेलेलं असतं. पंचांग मात्र आपल्याला परकं वाटणार नाही. महिने चंद्राचे, आणि ऋतूंशी मेळ राहावा म्हणून १९ वर्षांत ७ अधिक महिने. २०२५ मध्ये पुरिमची रात्र १३ मार्चला, होळीच्या दिवशीच आली. पेसाखचा पहिला सेडर (विधीचं जेवण) १२ एप्रिलला, हनुमान जयंतीच्या संध्याकाळी. रोश हशाना (त्यांचं नवं वर्ष) २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या संध्याकाळी, आणि सुक्कोत ६ ऑक्टोबरला, कोजागिरीच्या रात्री. २०२६ मध्ये आपल्याकडे अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे पुढची जोडी सुटते: रोश हशाना ११ सप्टेंबरच्या संध्याकाळी, म्हणजे गणेश चतुर्थीच्या तीन दिवस आधी.

एकाच सणाला जायचं असेल तर पेसाखच्या सेडरला जा (मराठी बायबलात ज्याला वल्हांडण म्हटलंय तो). इजिप्तच्या गुलामीतून सुटल्याची गोष्ट जेवणाच्या टेबलावर बसून वाचायची, हा त्याचा गाभा. वाचनाचं पुस्तक हगादा, आणि त्यात सुरुवातीलाच 'ज्याला भूक असेल त्याने यावं, जेवावं' अशी हाक आहे. म्हणजे आगंतुक वाटण्याचं कारणच नाही. टेबलावरच्या सगळ्यात लहान माणसाने चार प्रश्न विचारायचे. कॅम्पसवर ते काम फर्स्ट इयरच्या एखाद्या मुलावर येतं आणि तो लाजत लाजत गातो. मिठाच्या पाण्यात बुडवलेली पार्सली, नाकातोंडातून धूर काढणारं खिसलेलं हॉर्सरॅडिश, सफरचंद-अक्रोडाचं गोड हारोसेत, वाइनचे चार पेले (एकवीसच्या आतल्यांना द्राक्षाचा रस). इजिप्तवरच्या दहा संकटांची नावं घेताना दर नावाला वाइनचा एक थेंब बोटाने ताटलीत टाकतात, कारण शत्रूच्या हालांवर पूर्ण भरलेला पेला प्यायचा नाही. मला सगळ्या सेडरमध्ये हेच सर्वांत आवडतं.

एक व्यावहारिक गोष्ट: खरं जेवण येईपर्यंत तास-दीड तास सहज जातो. घरून थोडं खाऊन निघा.

सेडरला मराठी माणसाकडे सांगण्यासारखं काहीतरी असतं, ते सांगा. कोकणातल्या बेने इस्रायलींसाठी (मराठी बोलणाऱ्या ज्यूंसाठी) १८७४ साली पुण्यात हिब्रू-मराठी हगादा छापला गेला; त्यातल्या चित्रांत साड्या नेसलेल्या बायका मात्सा (पेसाखची बिनखमिराची रोटी) भाजताना दिसतात. मी ती चित्रं सूर्यास्ताआधी फोनवर दाखवली होती (नंतर फोन काढणं बरं दिसत नाही), आणि न्यू जर्सीची मुलं अलिबाग कुठे आहे ते विचारत बसली. पेणकर, रोहेकर अशी ज्यू आडनावं असतात यावर त्यांचा आधी विश्वास बसत नाही.

सुक्कोतही पाहुण्यांचाच. हिरवळीवर एक मांडव उभारतात, त्याला सुक्का म्हणतात. छत फांद्यांचं, रात्री तारे दिसतील इतकं विरळ. सात दिवस तिथे जेवायचं. येताजाता कुणीही डोकवावं, आपल्याकडे गणपतीच्या दर्शनाला येतात तसं. मिडवेस्टमध्ये ऑक्टोबरच्या रात्री गार असतात, जॅकेट न्या. पुरिम म्हणजे धमाल: वेश बदलून यायचं, एस्तेरची गोष्ट वाचताना हामान या खलनायकाचं नाव आलं की खुळखुळे वाजवून ते बुडवायचं. त्या पोथीच्या पहिल्याच वाक्यात राजाचं राज्य हिंदुस्थानापासून आफ्रिकेतल्या कूशपर्यंत, १२७ प्रांतांचं, असं सांगितलंय. तिथे मित्र तुमच्याकडे वळून बघणार.

हनुकाचा गाजावाजा अमेरिकेत फार, तो नाताळच्या शेजारामुळे. धर्माच्या हिशोबात तो लहान सण. आठ रात्री दिवे, तेलात तळलेले बटाट्याचे लाटके, आणि समोर फायनल्स. बहुतेक होस्टेलमध्ये मेणबत्तीला बंदी असते, म्हणून खोल्यांत विजेवरचे दिवे आणि खरी ज्योत हिलेलमध्ये.

योम किप्पुर, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस, मात्र त्यांचा त्यांना करू द्या. पंचवीस तासांचा निर्जळी उपास, जवळजवळ दिवसभर प्रार्थना. बघायला जाऊ नका. संध्याकाळी उपास सुटताना बेगल आणि क्रीम चीज असतं, तेव्हा बोलावलं तर जा. 'हॅपी योम किप्पुर' म्हणत नाहीत, उपास सोपा जावो एवढं म्हणा. बाकी सणांना 'हाग सामेआख', नव्या वर्षाला 'शाना तोवा'. आणि तुम्ही टीए (शिकवायला मदत करणारे) असाल तर योम किप्पुरला क्विझ ठेवू नका. ब्रँडाइससारख्या ज्यूंनी स्थापन केलेल्या विद्यापीठात सुट्टी असते. इतर बऱ्याच ठिकाणी वर्ग चालू असतात आणि ही मुलं प्रत्येक प्रोफेसरला वेगळी ईमेल लिहीत बसतात. तुमच्या दिवाळीचं जे होतं तेच.

आता खाणं. घरून काहीही करून नेऊ नका, अगदी साधा शिरासुद्धा. स्वयंपाकघर कोशर (त्यांच्या आहारनियमांप्रमाणे चालणारं) असेल तर बाहेरच्या भांड्यात शिजलेलं आत चालत नाही. फुलं न्या, किंवा कोशर खूण असलेलं सीलबंद पाकीट (गोलात यू हे अक्षर ही सर्वांत ओळखीची खूण, काही भारतीय पाकिटांवरही दिसते). पेसाखच्या आठवड्यात तेही नको, त्या दिवसांचे नियम आणखी कडक.

मांस आणि दूध एका जेवणात एकत्र येत नाही. म्हणून चिकनच्या जेवणात दही किंवा चीज मागू नका. 'डेअरी' जेवण असेल तर तुमची चैन, मासा तेवढा टाळा. 'पारेव' लिहिलं असेल तर मांस नाही आणि दूधही नाही, पण अंडं किंवा मासा असू शकतो. मात्सा बॉल सूप बहुधा चिकनच्या पाण्यातलं असतं. खाला हा गोडसर वेणीचा पाव, लाटके, कुगेल (बटाट्याचा किंवा नूडल्सचा भाजलेला पदार्थ), सगळ्यांत अंडं. पेसाखमध्ये अश्केनाझी (मूळच्या युरोपातल्या ज्यूंच्या) घरांत परंपरेने भात-डाळही वर्ज्य (बेने इस्रायली भात खातात, आणि २०१५ मध्ये कन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या रब्बींनीही परवानगी दिली), तेव्हा शाकाहाऱ्याच्या ताटात बटाटे आणि सॅलडच उरतं.

त्यामुळे नाव नोंदवताना नुसतं 'व्हेजिटेरियन' लिहू नका. अंडं चालतं की नाही तेही स्पष्ट लिहा, नाहीतर प्रेमाने तुमच्यासाठी वेगळं ठेवलेलं ताट उकडलेल्या अंड्यांचं निघेल.