मुलीला तिसरीतच चष्मा लागला, गावाकडच्या चुलतभावाला नाही. असं का?
मुलगी सांगलीत विश्रामबागला, भाऊ जतकडे वाढतोय. मग नवल नाही. लघुदृष्टी, म्हणजे डोळा लांबट होऊन दूरचं धूसर दिसणं, शहरी मुलांत जास्त आढळते, बऱ्याच पाहण्यांत मुलींमध्ये थोडी अधिक. मुलींचे डोळे मुळात कमजोर नसतात हो! शाळा सुटली की पोरं मैदानावर आणि मुली क्लासला, असं बरेचदा होतं. मोकळ्या उजेडात डोळ्याच्या पडद्यात डोपामिन नावाचं रसायन स्रवतं, डोळा लांबट होणं मंदावतं. चीनमध्ये ग्वांगझूला काही शाळांनी पहिलीपासून रोज 40 मिनिटं बाहेरचा तास वाढवला. 3 वर्षांत तिथं 30.4 टक्के मुलांना लघुदृष्टी आली, बाकी शाळांत 39.5 टक्के. लागलेला नंबर मात्र उतरत नाही, चष्मा नियमित लावू द्या. आणि भावाचेही डोळे तपासून घ्या. फळ्यावरचं तो शेजारच्याच्या वहीतून उतरवत असेल, तर नक्कीच.