माझा भाऊ कामासाठी कतारला निघाला आहे; कतारमध्ये मालक कामगाराचा पासपोर्ट ठेवून घेऊ शकतो का?
नाही, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील फाउंड्री सोडून फिटर म्हणून कतारला निघालेल्या आपल्या भावाचा पासपोर्ट तिथल्या मालकाला परस्पर ठेवून घेता येत नाही. कतारच्या 2015 च्या 21 क्रमांकाच्या कायद्यानुसार निवास परवान्याचे काम पूर्ण झाल्यावर मालकाला तो कामगाराच्या हाती परत द्यावा लागतो. शिवाय 1967 च्या आपल्या कायद्याप्रमाणे भारतीय पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे. मात्र कामगाराने लेखी विनंती केल्यास मालक तो सांभाळू शकतो, आणि खरा धोका इथेच आहे, कारण रुजू होताना पुढे केलेल्या अरबी कागदांच्या गठ्ठ्यात नेमकी तशी विनंती असू शकते. कन्नड अर्ज वाचता येत नाही म्हणून दुसऱ्याच्या भरवशावर सही करण्याची वेळ बेळगाव-खानापुरात अनेकांवर येते. ती सवय भावाने कृपया तिथे नेऊ नये, प्रत्येक कागदाचा अर्थ विचारूनच सही करावी आणि पासपोर्टची झेरॉक्स घरी ठेवून जावे. करारात मूळ वेतन 1000 रियालपेक्षा कमी नाही ना, हेही पाहावे; मार्च 2021 पासून तेथे तेवढे किमान वेतन बंधनकारक आहे.