'सामयिक' की 'सामायिक'? आणि सिम्युलेशनचं हातचं गेलेलं 'समीकरण'

पुण्याच्या एका लहान कंपनीत काम करणाऱ्या वाचकाचा प्रश्न आहे. संरक्षण दलांच्या प्रशिक्षणासाठी लागणाऱ्या साधनांवर उद्योगांशी बोलणी व्हायची आहेत आणि त्या बैठकीचं निमंत्रण त्यांना मराठीत करायचं आहे. मूळ शब्द 'शेअर्ड मॉडेलिंग अँड सिम्युलेशन रिसोर्सेस' आणि 'इंडस्ट्री एंगेजमेंट'. त्यांचा मसुदा असा: 'सामयिक आभासी संसाधने व उद्योगांची गुंतवणूक'. हे बरोबर आहे का, असं ते विचारतात.

नाही. एकाही शब्दाला होकार देता येत नाही, 'संसाधने' आणि 'उद्योग' तेवढे सोडून.

'सामयिक'पासून सुरुवात करतो, कारण ही चूक मी व्यासपीठांवरून, परिपत्रकांतून, गृहनिर्माण संस्थांच्या फलकांवरून वर्षानुवर्षं ऐकत आणि वाचत आलो आहे. 'सामयिक' म्हणजे काळाशी संबंधित, प्रसंगोचित. 'सामायिक' किंवा 'सामाईक' म्हणजे सगळ्यांच्या मालकीचं, वाटून वापरायचं. एका कान्याने अर्थ बदलतो. शेतकऱ्याला ही शंका कधी येत नाही. सामाईक विहीर, सामाईक बांध, सामाईक खातं हे शब्द तो वकिलापेक्षा नेमके वापरतो. लसावि-मसाविमधला 'सा' काहींनी 'साधारण' म्हणून पाठ केला, काहींनी 'सामाईक' म्हणून. 'सामयिक' कोणीच केला नाही.

'सामाईक'ला 'सामील'च्या पंगतीत बसवणारेही भेटतात. 'सामील' अरबी 'शामिल'वरून आला, त्याचं कूळ वेगळं. माझ्या मते 'सामायिक'च्या मुळाशी 'सम्' आणि 'इ' आहेत: एकत्र येणं. गंमत म्हणजे 'समय'ही त्याच दोघांचा. 'समय'चा जुना अर्थ करार, संकेत. 'कविसमय'मध्ये, म्हणजे कवींनी मानलेल्या संकेतांत, तो अजून जिवंत आहे. लोक ठरवून एकत्र आले की ती वेळ ठरते, म्हणून 'समय'ला काळाचा अर्थ चिकटला. म्हणजे 'सामयिक' आणि 'सामायिक' चुलत भावंडं आहेत. नातं जवळचं असलं तरी घरं वेगळी, आणि निमंत्रण एकाचं दुसऱ्याच्या घरी जाता कामा नये.

आता ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसलो, त्या शब्दाकडे येतो.

'सिम्युलेशन' म्हणजे खऱ्या गोष्टीचं वागणं गणकावर (कॉम्प्युटरवर) किंवा कृत्रिम यंत्रात उभं करून पाहणं. शब्द लॅटिन 'सिम्युलारे'वरून आला. 'सिमिलिस' म्हणजे सारखा, 'सिमुल' म्हणजे एकत्र, एकाच वेळी. हा 'सिम' आपला 'सम' आहे. इंग्रजी 'सेम', ग्रीक 'होमोस', फारसी 'हम' (हमदर्दमधला) हे सगळे एकाच आजीचे नातू. सामायिकमधला 'साम' आणि सिम्युलेशनमधला 'सिम' एका गोत्राचे निघतात, तेव्हा 'शेअर्ड सिम्युलेशन' म्हणताना आपण एकच धातूबीज दोनदा पेरतो. मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी हातातलं पुस्तक मिटून बराच वेळ नुसता बसलो होतो.

पण खरा आनंद पुढे आहे. 'सिम्युलारे' म्हणजे 'सारखं करणं'. याचं अक्षरशः संस्कृत काय? समीकरण! जो सम नव्हता त्याला सम करणं. भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकातल्या 'बीजगणिता'त 'एकवर्णसमीकरण', म्हणजे एकाच अज्ञात संख्येचं समीकरण, हे प्रकरणच आहे. (त्यांच्या कुळाची माहिती देणारा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. तिथे जाऊन तो पाहिला नसेल तर जरूर पाहा.) गणिताने हा शब्द आधी घेतला आणि आपल्याला परत मिळाला नाही. तरी पाहा, युद्धाचं सिम्युलेशन आतून कशावर चालतं? समीकरणांवरच. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने १९१६ मध्ये मांडलेली समीकरणं आजही या क्षेत्रातल्या विद्यार्थ्याला पहिल्या धड्यातच भेटतात. प्रत्येक बाजूची माणसं किती वेगाने कमी होतात, ते समोरच्या बाजूच्या संख्येवर ठरतं. नेम धरून गोळीबार होत असेल, तर संख्या तिप्पट झाली की लढण्याची ताकद नऊपट होते. म्हणजे अर्थाने समीकरण, व्युत्पत्तीने समीकरण आणि पोटातही समीकरणच. इतका चोख बसणारा शब्द मराठीच्या हातचा गेला, याची हळहळ मला आजही वाटते.

तो आता परत मागता येणार नाही, हे मान्य. मग उरलेल्यांत काय निवडायचं?

'आभासी' मुळीच नको. आभास म्हणजे खरं नसताना खऱ्यासारखं भासणं. न्यायशास्त्रात, म्हणजे भारतीय तर्कशास्त्रात, 'हेत्वाभास' म्हणजे सदोष हेतू, कारणासारखं दिसणारं पण कारण नसलेलं. ज्या गणितावर सैनिकांचे जीव अवलंबून, त्याला सदोष म्हणायचं? शिवाय या क्षेत्रात 'आभासी'ची जागा ठरलेली आहे. खरा माणूस खऱ्या यंत्रासह मैदानात सराव करतो तो प्रत्यक्ष प्रकार. खरा माणूस कृत्रिम रणगाड्यात बसतो तो 'व्हर्च्युअल', म्हणजे आभासी. आणि जिथे माणसं, यंत्रं, सैन्य सगळंच गणकात असतं तो तिसरा, रचित प्रकार. सगळ्या सिम्युलेशनलाच आभासी म्हटलं तर मधल्याला काय म्हणणार?

'अनुकरण' सुचवणाऱ्या परिभाषाकारांशीही माझं जमत नाही. 'अनु' म्हणजे मागून. आधी मूळ हवं, मग त्याची नक्कल. पण जे क्षेपणास्त्र अजून बनलंच नाही, त्याचं उड्डाण आधी गणकावर होतं. तिथे कशाच्या मागून जाणार? परिभाषा करणाऱ्यांनी शब्दकोश उघडण्याआधी प्रयोगशाळेचं दार उघडून बघायला हवं होतं. 'सदृशीकरण' जड आहे, जीभ अडखळते, पण त्यातला 'स' त्याच 'सिम'चा सख्खा आणि 'करण' तर सिम्युलारेमधलंच. मी तेच घेईन. 'मॉडेल'ला प्रतिमान. त्याच्या मुळाशी 'मा', मोजणं. मॉडेलच्या मुळाशी लॅटिन 'मोडस', माप. 'नमुना' फारसी 'नमूदन', म्हणजे दाखवणं, यावरून आलेला. इथे दाखवायचं नाही, मोजायचं आहे.

आता 'सामायिक'चा हट्ट मी का धरतो, ते कामाच्या बाजूनेही सांगतो. अमेरिकेत १९८०च्या दशकात वेगवेगळ्या ठिकाणचे रणगाडा-सिम्युलेटर एका जाळ्याने जोडले, तेव्हापासून एक अडचण सगळ्यांना छळते. एका कंपनीच्या नकाशात टेकडी आहे, दुसरीच्या नकाशात ती थोडी बुटकी आहे. पहिला चालक समजतो आपण आडोशाला आहोत. दुसऱ्याला तो उघड्यावर दिसतो आणि तो गोळा टाकतो. अशी लढाई न्याय्य होत नाही आणि तिच्यातून शिकलेला धडाही चुकीचा ठरतो. म्हणून टेकडी सामाईक लागते, रणगाड्याचं प्रतिमान सामाईक लागतं, निरोपांची भाषा सामाईक लागते. आयईईई या अभियंत्यांच्या संघटनेच्या, २००० साली आलेल्या १५१६ क्रमांकाच्या मानकात अशा जोडलेल्या सिम्युलेशनांच्या समूहाला 'फेडरेशन' म्हणतात. आपण 'संघ' म्हणू. त्यातही 'सम्' आहेच.

आणि सामाईक म्हणजे फुकट नव्हे. सामाईक विहिरीत प्रत्येकाचा हिस्सा असतो, पाण्याच्या पाळ्या असतात, गाळ कोणी काढायचा हे ठरलेलं असतं. आपल्या संरक्षण मंत्रालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये सिम्युलेटरच्या वापराचा धोरण-आराखडा जाहीर केला. देशी रचना आणि भारतीय कंपन्यांकडून देखभाल यांवर त्यात भर आहे. कंपनीने बनवलेलं प्रतिमान सगळ्यांनी वापरायचं तर मालकी कोणाची, दुरुस्ती कोणाची, हेच प्रश्न टेबलावर येणार. 'सामाईक' शब्दाला या भांडणांची पिढ्यान्‌पिढ्या सवय आहे. 'सामयिक'ला काहीच ठाऊक नाही.

राहिलं 'एंगेजमेंट'. 'गुंतवणूक' म्हटलंत तर उद्योजक समजतील पैसे मागताहेत. सैन्याच्या भाषेत 'एंगेजमेंट' म्हणजे चकमक, तेही इथे नको. 'सल्लामसलत' लिहा. पेशवेकालीन पत्रांतली 'मसलत' राजकारण आणि मोहीम दोन्हींच्या बेताला चालत असे, म्हणून संरक्षणाच्या कामात ती उपरी वाटणार नाही.

तेव्हा निमंत्रणावर असं छापा: 'संरक्षण दलांसाठी सामायिक प्रतिमाने व सदृशीकरण संसाधने: उद्योगांशी सल्लामसलत'. छपाईला देण्यापूर्वी 'मा'वरचा काना एकदा नीट तपासून घ्या.