शेतावर सर्व्हेला निघण्याआधी

अगं, सोयाबीन कापणीत इंदूरजवळच्या देपालपूरकडे शेतमजुरांच्या सर्व्हेला निघालीस ना? मग मालक शेजारी उभा असताना मजुरी विचारूच नकोस. तेव्हा मिळणारा आकडा त्याचा असतो, मजुराचा नव्हे. दुपारी भाकरी सोडतात तेव्हा झाडाखाली जाऊन बस, नाहीतर संध्याकाळी त्यांच्या डेऱ्यावर जा.

"वर्षात किती दिवस काम मिळालं?" याला अंदाजच ऐकू येतात. गेले 7 दिवस एकेक करून विचार. रोजाने की बिघ्याच्या ठेक्याने, तेही. ठेक्यात नवरा, बायको, पोरं मिळून एकच रक्कम सांगतात, त्यात बाईचे कष्ट गडप. समान वेतनाचा कायदा 1976 लाच आला होता म्हणे! तू रकाने दोन ठेव.

तब्येतीचं नुसतं विचारशील तर "ठीक है" मिळेल. पहिल्या वर्षी माझा तो रकाना जवळजवळ कोराच राहिला होता. फवारणीनंतर मळमळलं का, दिसायला अंधुक झालं का, फार घाम सुटला का, असं एकेक नाव घेऊन विचार.

झाबुआ-अलीराजपूरकडून आलेल्या मजुरांपर्यंत आपली इंदुरी हिंदी अर्धीच पोचते. भिली बोलणारी कोणीतरी सोबत ने.